मालकांच्या गाडीतला उजेड

मालकांच्या गाडीत बसायचं तर आधी चपला काढून हातात घ्याव्या लागत. मग ते स्वतः मागचं दार उघडत, आपण आत सरकलो की दार लावत, फिरून पुढे जात, स्टिअरिंगवर बसत आणि गप्प राहत. गाडीच्या खिडक्यांना काळे पडदे होते. बाहेर चैत्राचं ऊन असलं तरी आत दिवेलागण झालेली असे. थोड्या वेळाने खटका दाबल्याचा आवाज येई आणि छतावर, सीटखाली, दारांच्या कडांना, आरशाभोवती निळे, तांबडे, हिरवे एलईडी पेटत. मालक तरी गप्पच. आपण काहीतरी बोलल्याशिवाय गाडी हलत नसे, आणि नुसतं "छान" म्हणून सुटका होत नसे.

"काय छान?" ते आरशातून विचारत.

"उजेड."

"उजेड तुमच्या ग्रामपंचायतीतही आहे, मॅडम."

मला कामं असत. महाडला बैठक असे, बँक असे, परत येताना शाळेचं बघायचं असे. म्हणून वेळ वाचवायला मी एक वाक्य तयारच ठेवलं होतं. दिवे लागले रे लागले की म्हणायचं, "मालक, मागच्या वेळेपेक्षा आज जास्त भरल्यासारखं वाटतंय." त्यावर गाडी लगेच सुरू होई. कधीकधी मागच्या वेळेपेक्षा एकही दिवा वाढलेला नसे, पण ते मालकांच्याही लक्षात नसे.

मी तेव्हा त्या गावात ग्रामसेविका होते. महाडहून वरंधकडे जाताना एका फाट्यावरून आत गेलं की ते गाव. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. खाली भातशेती आणि गाव, वर डोंगराच्या माथ्यावर धनगरांची एक वाडी, आणि मधला सगळा उतार मालकांचा. एके काळी खालची शेतीही त्यांच्याच घराण्याची होती. कूळकायद्यात ती कुळांकडे गेली. 'मालक' ही हाक मात्र घराण्याकडेच राहिली, आणि मालक ती जमिनीपेक्षा जास्त जपत. त्यांना नावाने हाक मारणारं गावात कुणी उरलं नव्हतं. मलाही त्यांचं नाव फक्त घरपट्टीच्या पावतीवर लिहिताना आठवे.

साठीच्या आसपासचे, सडसडीत, इस्त्रीचा पांढरा सदरा, गालावर पावडरचा पट्टा राहिलेला. सदऱ्याच्या खिशात दिव्यांचा रिमोट. बोलताना मधेच हात खिशाकडे जाई, आणि अंगणात उभी असलेली गाडी आपोआप निळी होई. पाहुणा दचकला की मालक दुसरीकडे बघत राहत, जणू गाडीला तशी सवयच आहे.

गाडी मुंबईच्या पुतण्याने वापरून टाकलेली होती. मोठी, उंच, मागे समोरासमोर बाकं असलेली. ब्रेक दाबल्यावर ती विचार करून थांबे. महाडच्या बाजारपेठेबाहेर एक ऑटो इलेक्ट्रिशियन होता, मालकांची सगळी वायरिंग त्याने केलेली. तोंडाने फटकळ, हाताने चोख. मी एकदा तिथे हजर असताना तो म्हणाला, "मालक, आधी ब्रेकचं काम करून घ्या. दिवे काय, पुढच्या महिन्यात लावू."

"ब्रेक कोणाला दिसतो?" मालक म्हणाले.

"घाटात दिसतो."

"तू पट्टी लाव रे. छताच्या मधोमध. आणि वायर दिसता कामा नये."

वायर दिसू नये हा त्यांचा आग्रह होता, आणि आत किती वायर आहे हे प्रत्येकाला कळलंच पाहिजे हाही आग्रह होता. इलेक्ट्रिशियनने ती तीनदा उपसून पुन्हा बसवली. मालक लोकांना सांगत, "या गाडीत जेवढी वायर आहे ना, ती सरळ केली तर महाडपासून दासगावपर्यंत जाईल." इलेक्ट्रिशियन मागून म्हणे, "जाईल ना. गाडी जाईल का ते विचारा."

"बाहेरचा उजेड सगळ्यांकडे असतो," हे मालकांचं ठेवणीतलं वाक्य होतं. "उजेड आतला पाहिजे." हे ते अशा सुरात म्हणत की नवख्या माणसाला वाटावं, अध्यात्मावर काही चाललंय. शाळेच्या एका कार्यक्रमात पाहुणे म्हणून त्यांनी हेच वाक्य म्हटलं आणि टाळ्या मिळवल्या. तालुक्याहून आलेले साहेब मला हळूच म्हणाले, "फार खोल माणूस आहे." मी म्हटलं, "बारा व्होल्टपर्यंत."

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र आतला उजेड बेताचा होता. स्वयंपाकघरात एक पिवळा बल्ब, तोही धुराने काळवंडलेला. त्या वर्षांत लोडशेडिंग जबर होतं. संध्याकाळी वीज गेली की गाव काळं होई आणि मालकांच्या अंगणात गाडी तेवढी झगमगत उभी असे. मालकीणबाई शहाण्या. त्या सूप आणि तांदळाचा डबा घेऊन गाडीत जाऊन बसत आणि तांदूळ निवडत. मालक ओटीवरून रिमोट दाबत.

"अहो, निळा नका लावू," आतून आवाज येई, "निळ्यात खडे दिसत नाहीत."

"निळ्यात शांत वाटतं."

"शांत वाटून काय करू? पांढरा लावा."

"पांढरा रंग नसतो. तो साधा उजेड झाला."

"मग साधा लावा."

शेवटी मालक पांढरा लावत, पण तोंड फिरवून. सकाळी बॅटरी उतरलेली असे आणि शेतावर निघालेल्या गड्यांना आधी गाडी ढकलून द्यावी लागे. "एलईडी काही खातच नाही," असं मालक धक्का देणाऱ्यांना आत बसून समजावत. एक दिवा खात नसेलही. पण त्यांनी वारुळातल्या मुंग्यांसारखे दिवे भरले होते.

रंगांचा विषय गावात फार गाजला. छताला निळा लावावा की तांबडा, हे ठरेना म्हणून मालकांनी ग्रामदेवीला कौल लावला. आमच्याकडे लग्न, विहीर, कोर्टकचेरी, सगळ्याला कौल लावतात, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर निळा, डावी पडली तर तांबडा. दुपार कलली तरी पाकळी हलेना. मालक हात जोडून उभे, मागे चार माणसं उभी. गुरवाच्या म्हशीचं दूध काढायचं राहिलं होतं. त्याला एक मोठा खोकला आला आणि दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या. मालकांनी देवीची आज्ञा म्हणून दोन्ही रंग लावले. गुरव मला पुढे म्हणाला, "मॅडम, खोकला खरा होता. पण थोडा आधीच काढायला पायजे होता."

त्याहून अवघड झालं ते मानाचं. शिमग्याला देवीची पालखी निघते तेव्हा कुणी आधी खांदा द्यायचा, कुणाच्या दारी आधी जायचं, हे ठरलेलं असतं, आणि त्यात गावाचे चार मानकरी असतात. मालक पहिले. उरलेल्या तिघांना मालकांनी गाडीत ठरावीक जागा दिल्या आणि प्रत्येक जागेवर वेगळा रंग बसवला. माणूस बसला की त्याच्या डोक्यावरचा दिवा लागणार. कल्पना चांगली होती. पण दुसऱ्याला हिरवा आणि तिसऱ्याला निळा मिळाल्यावर हिरवा मोठा की निळा मोठा, असा प्रश्न उभा राहिला. दुसरे मानकरी म्हणाले, हिरवा मोठा, कारण सिग्नलला हिरवा लागला की माणूस पुढे जातो. तिसरे म्हणाले, निळा मोठा, साहेबांच्या गाडीवर निळा असतो. प्रकरण गावकीच्या सभेत गेलं. त्या गावाचं मुंबईला मंडळ आहे, त्याच्या संमतीशिवाय गावात देवळाचा कळसही पुसत नाहीत. मुंबई मंडळाने ठराव करून कळवलं की गाडीतले रंग हा गावकीचा विषय नाही. त्यावर गावकीने ठराव केला की आहे.

बाकीच्यांनी गाडीत बसायचं की नाही हे मालकांच्या मनावर असे. गावातला एकजण महाडच्या एमआयडीसीत कामाला होता. त्याची बस चुकली की मालक त्याला फाट्यापर्यंत घेत आणि वाटेत एकेका दिव्याची माहिती देत. रात्रपाळीचा जागलेला माणूस तांबड्या उजेडात डोळे ताणून "हो का, हो का" करत बसे. शेवटी त्याने हप्त्यावर मोटारसायकल घेतली. मला म्हणाला, "पावसात भिजेन मॅडम, पण आता मी काय छान हाय ते सांगणार नाय."

वाडीच्या लोकांना मात्र गाडी बंद होती. त्याचं कारण मालक उघड सांगत. "गुराबकऱ्यांतली माणसं. सीटला वास बसतो. माझं सगळं कापड आत वायरिंगवर शिवलेलं आहे, धुता येत नाही."

एका पावसाळ्यात वाडीवरून डोली उतरली. वाडीला रस्ता नव्हता, मालकांच्या उतारातून जाणारी पायवाट होती. आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून चौघं खाली आणत. त्या दिवशी झोळीत भागाबाईची सून होती, तापाने फणफणलेली. भागाबाई म्हणजे वाडीतली सगळ्यांत बोलकी म्हातारी, खरवस विकायला गावात येणारी. ती झोळीला हात लावून चालत होती. वाट मालकांच्या अंगणाच्या कडेने जाते. मी तिथे पाणीपट्टीसाठी आले होते. गाडी समोर उभी.

"मालक, फाट्यापर्यंत तरी सोडा," मी म्हटलं.

मालक दगड नव्हते. ते लगेच उठले, दार उघडलं, दिवे लागले. मग थांबले. "सोडतो ना. फक्त सीटवर प्लास्टिक टाकूया." आणि ते आत प्लास्टिक शोधायला गेले. भाताच्या पेरणीचं एक होतं, ते फाटकं निघालं. दुसरं माळ्यावर होतं. मालकीणबाई माळ्यावर चढल्या. झोळीवाले पावसात उभे राहिले, भागाबाई उघड्या दारातून त्या रंगीत दिव्यांकडे बघत राहिली. मग ती पोरांना म्हणाली, "चला रे." प्लास्टिक सापडेपर्यंत डोली फाट्यावर पोचून टेम्पोत बसलीही होती. सून वाचली. मालक पुढे बरेच दिवस सांगत, "मी गाडी काढली होती. त्यांनाच घाई."

त्या वाडीच्या रस्त्याचं काम माझ्या यादीत पहिल्या नंबरावर होतं आणि तिथून हलत नव्हतं. पैसे मंजूर झाले होते. मालकांच्या उतारातून पट्टा जायचा, त्याला त्यांची लेखी संमती हवी, एवढंच अडलं होतं. मार्च संपेपर्यंत संमती गेली नाही तर पैसे परत जाणार आणि पुन्हा कधी येतील सांगता येत नव्हतं. मी मालकांकडे जाई. ते मला गाडीत बसवत, मी माझं वाक्य म्हणे, आणि मग ते रस्त्याला नाही म्हणत. नाही असं नाही. भाऊबंद मुंबईला आहेत, त्यांना विचारायला हवं. पुढच्या वेळी, तिथे काजू लावायचा विचार आहे. त्याच्या पुढच्या वेळी, देवीला विचारू. गुरवाला मी आधीच गाठून खोकल्याबद्दल बोलून ठेवलं होतं, पण मालकांनी कौल लावलाच नाही.

एका सकाळी भागाबाई ग्रामपंचायतीत आली. दारातच बसली. आत खुर्ची होती, पण तिला खुर्चीवर बसवणं मला कधी जमलं नाही.

"बाई, तुम्ही त्याला जाऊन काय सांगता?"

"रस्त्याचं सांगते. डोल्या किती उतरतात, दूध किती नासतं."

"आमचं दूध नासतं ते त्याला कशाला पायजे? त्याला उजेड पायजे. उजेडाचं बोला."

"ते कसं बोलायचं?"

तिने पायातला काटा बघावा तसं माझ्याकडे बघून घेतलं. "ऱ्हाऊ दे. मीच जाते."

मी मागोमाग गेले, कारण माझी पावतीवही मालकांच्या ओटीवर राहिली होती, आणि ती राहिली नसती तरी गेले असते. मालक झोपाळ्यावर. भागाबाई अंगणात गाडीपासून लांब उभी राहिली आणि डोळ्यांवर हात धरून गाडीकडे बघायला लागली.

"काय गो?" मालकांनी विचारलं.

"काय नाय मालक. परवा सांजच्याला तुमच्या गाडीत लायटी लागल्या होत्या ना?"

"लागल्या होत्या. वरून दिसल्या?" मालक झोपाळा थांबवून म्हणाले.

"कुठल्या दिसायला. मधी रान हाय. आम्ही उगा ऐकायचं, मालकांच्या लायटी अशा, मालकांच्या लायटी तशा." तिने पदराने कपाळ पुसलं. "सून तेवढी बघून गेली, तर तिला ताप. तिला काय कळलं असेल?"

मालकांचा हात खिशातल्या रिमोटकडे गेला.

"गाडी इथं अंगणात हाय म्हणून," भागाबाई पुढे म्हणाली. "वर माथ्यावर असती, तर सगळ्या खोऱ्याला दिसली असती. डोंगरावर होळी पेटते ती कशी पार वरंधला दिसते. होळी तर काय, लाकडं. पण तिथं जायला गाडीला वाट नाय. जाऊ दे. खरवस ठेवू का?"

मालकांनी खरवस घेतला. झोपाळा पुन्हा सुरू झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः ग्रामपंचायतीत आले. मालक ग्रामपंचायतीत येत नसत, ग्रामपंचायत त्यांच्याकडे जाई. उभ्याउभ्याच त्यांनी विचारलं, "मॅडम, वाडीच्या माथ्यावरून गावं किती दिसतात?"

"सगळं खोरंच दिसतं."

"म्हणजे खोऱ्यातूनही माथा दिसणार."

"दिसणारच."

"मग असं करू. आधी वाट काढा. कच्ची चालेल. माझी गाडी एकदा वर जाऊ दे, लोकांना दिसू दे. मग मी सही करतो."

सरकारी पैसा सहीशिवाय हलत नाही, आणि मालकांची सही गाडी वर गेल्याशिवाय होत नाही. तेव्हा ती वाट वाडीने हाताने खणली. माघापासून बाया, पुरुष, सगळे कुदळी, पहारी, घमेली घेऊन उतरत. गुरं सोडून यायचं, दुपारपर्यंत खणायचं, पुन्हा गुरांकडे जायचं. मी चुन्याची फक्की आणून आखणी करून दिली होती, चढ बेताचा राहील अशी. मालक गाडी पायथ्याशी लावून, पडदे ओढून आत बसत आणि मधेच बाहेर येऊन आखणी बदलत. "इकडून नको. इकडून झाडी आड येते. तिकडून घ्या, तिथून दिसेल." एका जागी सरळ जाणारी वाट त्यांनी मुद्दाम कड्याच्या बाजूला वळवून घेतली, गाडीची कूस खोऱ्याकडे यावी म्हणून. त्या वळणापायी वाडीचे पुष्कळ दिवस जास्त गेले. आज तिथे डांबर आहे, आणि वळणही आहे. नवा माणूस विचारतो, इथे रस्ता असा उगाच का फिरलाय. लोक म्हणतात, इंजिनीयरने काढलाय.

मार्च सरत आला तेव्हा वाट माथ्याला लागली. मालकांनी खालच्या गावांत निरोप धाडले: अमुक दिवशी, दिवेलागणीला, डोंगराकडे बघा. वेळ अशी निवडली की लोडशेडिंग सुरू झालेलं असेल. पडदे पहिल्यांदाच काढले. इलेक्ट्रिशियनला महाडहून बोलावून सगळे दिवे एकदम लागतील अशी जोडणी करून घेतली. त्याने जाताना पुन्हा ब्रेकचा विषय काढला. मालक म्हणाले, "वर जाताना ब्रेक कशाला?"

तिन्ही मानकरी आपापल्या रंगाखाली बसले. आम्ही सगळे देवळाच्या पटांगणात उभे राहिलो, डोंगराकडे तोंड करून. मालकीणबाईही होत्या. वीज गेली. डोंगर आभाळापेक्षा काळा झाला. इंजिनाची घरघर सुरू झाली आणि उतारावर एक पिवळा ठिपका हलायला लागला.

सगळ्यांनी माना उंच केल्या.

"गाडी कुठाय?" एमआयडीसीतल्याने विचारलं.

"ती काय," गुरव म्हणाला.

"ती बॅटरी हाय. हातातली."

त्याचं बरोबर होतं. तो हातातला टॉर्च होता. ठिपका थोडा वर जाई, थांबे, कडेला सरके, मागे येई, पुन्हा वर जाई. घरघर त्याच्या मागून येत होती. निळं, तांबडं, हिरवं काही नव्हतं. ते दिवे हातभर अंतरावरून डोळ्यांत घुसत, पण डोंगराएवढ्या अंतरावर त्यांचं काही चालेना. मालकांनी काय केलं होतं ते नंतर वाडीतल्या पोरांकडून कळलं. बाहेरचा उजेड आतल्याला मारतो म्हणून त्यांनी पुढचे हेडलाइट बंद ठेवले होते. कच्ची वाट, एका अंगाला कडा, आणि समोर काळोख. तेव्हा भागाबाई टॉर्च घेऊन गाडीच्या पुढे चालायला लागली. चाक कडेला गेलं की ती मागे येऊन कड दाखवी. गाडीत जागा होती. तिला बस म्हणून कुणी म्हटलं नाही, आणि ती वासाचं ऐकून होती.

ठिपका कड्याच्या वळणावर आला. इथे खरी शोभा दिसायची होती. तिथे गाडी बराच वेळ थांबली, म्हणजे घरघर एका जागी राहिली. आम्ही डोळे फाडून बघितलं. ठिपकाही तिथेच थांबला.

"काजवा पण याच्यापेक्षा बरा," एमआयडीसीतला म्हणाला, आणि पटांगणात हसं पिकलं. कुणी शिट्टी वाजवली.

मी हसले नाही. उद्या मालक विचारणार, आणि लोकांनी असंच हसून सांगितलं, तर सही होणार नाही. माझं काम त्या घटकेला स्पष्ट होतं. मी देवळाच्या पायरीवर चढले आणि सांगितलं, "ऐका. उद्या मालक घरोघरी विचारतील, काय दिसलं. वाडीने दोन महिने खणलंय. तेव्हा दिसलं. वरच्या आळीला निळा दिसला, खालच्या आळीला हिरवा. गुरवकाका, तुम्हाला तांबडा."

"मी आत आरतीला होतो म्हणून सांगतो ना."

"तुम्हालाच पहिल्यांदा विचारतील. कौल तुमच्याकडे लागला होता."

"मी सांगेन, इंद्रधनुष्य दिसलं," एमआयडीसीतला म्हणाला.

"इंद्रधनुष्य नको. जास्त होईल. तू निळ्यात जा."

कुणीतरी विचारलं की दोन्ही आळ्यांना वेगळं कसं दिसेल. मी म्हटलं, बाजू वेगळी पडते. मालकीणबाई इतका वेळ डोंगराकडेच बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मला पांढरा द्या. मला विचारलं तर मी दुसरं सांगू शकणार नाही." मी त्यांना पांढरा दिला.

सकाळी मालक ग्रामपंचायतीत आले ते गाव फिरूनच. चेहऱ्यावर तेज होतं. संमतीचा कागद मी टेबलावर ठेवला होता. भागाबाई दाराबाहेर बसली होती, मांडीवर टॉर्च. पहाटेच निघाली असणार, काळोखात उतरायला तो लागतोच. मालक तिच्या बाजूने आत आले आणि खुर्चीवर बसले.

"वरच्या आळीला निळा आधी दिसला म्हणतात."

"हो."

"आणि खालच्या आळीला हिरवा."

"बाजू वेगळी पडते."

"बरोबर. मी तेच म्हटलं. बाजू वेगळी पडते. गुरव तर तांबडा म्हणतो." त्यांनी कागद जवळ ओढला, वरपासून वाचायला लागले, आणि मधेच थांबले. "एक सांगा मॅडम, खरं सांगा. ही म्हातारी सबंध चढ माझ्या पुढे बॅटरी नाचवत होती. मी आतून ओरडतोय, विझव ती, माझ्या उजेडाला मारते. ऐकेल तर शपथ. कड्याच्या वळणावर तर अगदी समोर उभी. ती बॅटरी मधे आली का हो? खालून दिसत होती का?"

दाराबाहेर हालचाल झाली नाही.

"बॅटरी?" मी म्हटलं. "नाही बुवा. बॅटरी कुणालाच दिसली नाही."

"मग हरकत नाही," मालक म्हणाले आणि त्यांनी सही केली.

मी कागदाला शिक्का मारून तो पिशवीत घातला. पंचायत समितीत दुपारच्या आत पोचवायचा होता. बाहेर भागाबाईने टॉर्च उघडला, आतले सेल काढून पदराच्या टोकाला बांधले, गाठ घट्ट केली आणि ती चढाला लागली.